तिमोरची अस्मिता आणि तिमोरचे तेल

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूर येथे भरलेल्या शिखर परिषदेत आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेने, म्हणजे ‘आसियान’ने, पूर्व तिमोरला आपला अकरावा सदस्य म्हणून दाखल करून घेतले. आपल्याकडे या घटनेची फारशी चर्चा झाली नाही, आणि त्यात नवल नाही. क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्याहून किंचित लहान आणि लोकसंख्येने गोव्याहूनही कमी असलेल्या या देशाची दखल घेण्याची सवय आपल्याला नाही. तथापि राष्ट्राची अस्मिता आणि त्याचे परराष्ट्रधोरण यांचा परस्परांशी काय संबंध असतो, याचा विचार करू इच्छिणाऱ्याला या देशाइतके बोलके उदाहरण गेल्या पाव शतकात दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथमदर्शनी या देशाचे वर्तन कोड्यात टाकणारे आहे. ज्या इंडोनेशियाने १९७५ मध्ये त्याच्यावर सैन्य घातले आणि चोवीस वर्षे त्याला टाचेखाली ठेवले, तोच ‘आसियान’मधील सर्वांत मोठा देश आहे. असे असूनही या घरात आपल्याला प्रवेश मिळावा म्हणून पूर्व तिमोरने २०११ मध्ये रीतसर अर्ज केला आणि पुढची चौदा वर्षे उंबरठ्यावर वाट पाहिली. उलट १९९९ मध्ये ज्या ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील सैन्याने तेथील रक्तपात थांबवला आणि जो आजही त्याला सर्वाधिक आर्थिक साहाय्य देतो, त्या ऑस्ट्रेलियाला मात्र याच चिमुकल्या देशाने आंतरराष्ट्रीय न्यायपीठांपुढे खेचले. ज्याने मारले त्याच्याशी समेट आणि ज्याने वाचवले त्याच्याशी दावा, असा हा उलटा व्यवहार दिसतो.

परराष्ट्रधोरण राष्ट्राच्या हितसंबंधांवर चालते, भावनेवर नव्हे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. अर्थशास्त्राच्या वर्गातही आम्ही ‘विवेकी ग्राहक’ नावाच्या एका काल्पनिक प्राण्यापासून सुरुवात करतो. त्याला काय हवे आहे हे अगोदरच ठरलेले असते. ते कमीत कमी खर्चात कसे मिळवावे, एवढाच प्रश्न उरतो. परंतु त्याची आवडनिवड मुळात कोणी ठरवली, या प्रश्नाला आमचे शास्त्र सहसा हात घालीत नाही. राष्ट्राच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा असतो. ‘आपण कोण’ हे ठरल्याखेरीज ‘आपले हित कशात’ हे ठरत नाही. जुन्या, स्थिरावलेल्या राष्ट्रांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके अंगवळणी पडलेले असते की ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नवस्वतंत्र राष्ट्रात ते उत्तर अजून ओले असते, आणि म्हणून त्याचा ठसा प्रत्येक निर्णयावर उमटलेला स्पष्ट दिसतो.

राष्ट्र घडले कसे

तिमोर हे बेट एकच. पण त्याच्या पश्चिम भागावर डचांचा आणि पूर्व भागावर पोर्तुगीजांचा अंमल बसला. चंदनाच्या व्यापारासाठी सोळाव्या शतकात पोर्तुगीज तेथे पोहोचले. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज सत्ताकेंद्राच्या अखत्यारीत चालत असे. बेटाची वाटणी १८५९ च्या तहाने झाली आणि सीमेचा उरलासुरला वाद १९१४ मध्ये हेग येथील लवादाने मिटवला. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच डोंगर, तीच शेती, अनेक ठिकाणी तेच कुळ आणि तीच बोली. पूर्वेकडील भागातच डझनाहून अधिक भाषा बोलल्या जात. अशा प्रदेशात ‘तिमोरी राष्ट्र’ नावाची वस्तू १९७४ पूर्वी मूठभर सुशिक्षितांच्या मनातच होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली आणि त्या देशाने आपल्या वसाहती सोडण्यास सुरुवात केली. तिमोरमध्ये घाईघाईने पक्ष निघाले, त्यांच्यात यादवी झाली आणि त्यातून वरचढ ठरलेल्या ‘फ्रेतिलिन’ या पक्षाने २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. ते नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य डिली या राजधानीत उतरले आणि पुढील वर्षी हा प्रदेश इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत म्हणून जाहीर झाला.

येथे भारताची भूमिकाही नमूद केली पाहिजे. इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावे असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९७५ मध्ये केला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या दहा देशांत आपणही होतो. युरोपीय सत्तेने मागे ठेवलेला तुकडा शेजारच्या मोठ्या आशियाई राष्ट्राने सामावून घेतला, अशा नजरेने दिल्लीने या घटनेकडे पाहिले असावे. गोवामुक्तीला तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती. पण दोन्ही प्रकरणांतील भेद मोठा आहे. गोव्यातील जनतेने १९६३ मध्ये आपले प्रतिनिधी निवडले आणि १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णयही स्वतःच दिला. आपल्यापैकी अनेकांना तो तेव्हा रुचला नाही, पण तो मानला गेला. तिमोरच्या जनतेला कोणी विचारलेच नाही. चोवीस वर्षांनी, ३० ऑगस्ट १९९९ रोजी, विचारले तेव्हा मतदारांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोक मतदानाला आले आणि त्यांतील ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारून स्वातंत्र्य पत्करले.

या चोवीस वर्षांतच राष्ट्र घडले. सत्यशोधन आयोगाने २००५ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार या काळात संघर्षामुळे किमान १ लाख २ हजार ८०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे १८ हजार ६०० जणांची हत्या झाली अथवा ती बेपत्ता झाली, आणि उरलेली उपासमारीने व रोगराईने गेली. १९७५ ची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस कॅथलिक पंथीयांचे प्रमाण एकतृतीयांशाहून कमी होते. इंडोनेशियाच्या अमदानीत ते नव्वद टक्क्यांच्या पलीकडे गेले. कारण उघड होते. जेथे सभा, वृत्तपत्र, पक्ष असे काहीच चालू दिले जात नव्हते, तेथे चर्च ही एकच जागा उरली होती. पोर्तुगीज भाषेवर बंदी आल्यावर चर्चने प्रार्थनेसाठी इंडोनेशियन भाषेऐवजी लोकांची तेतुम भाषा स्वीकारली. इंडोनेशियाला तिमोरी माणसाचा इंडोनेशियन करावयाचा होता; त्या खटपटीतून तिमोरी माणूस तिमोरी झाला.

भाषेचा निर्णय

२० मे २००२ रोजी पूर्व तिमोर स्वतंत्र झाला. त्याच्या राज्यघटनेने तेतुम आणि पोर्तुगीज या दोन राजभाषा ठरवल्या. इंडोनेशियन व इंग्रजी यांना केवळ कामकाजापुरते स्थान दिले. या निर्णयाचा विचार आपल्याकडील शिक्षकवर्गाने मुद्दाम करावा असा आहे. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे शंभरांतील पाच-सात माणसांनाच पोर्तुगीज येत होती. तरुण पिढी इंडोनेशियन भाषेतून शिकली होती. दक्षिणेला इंग्रजी बोलणारा ऑस्ट्रेलिया आणि भोवती इंडोनेशियन बोलणारी बेटे. पोर्तुगीज बोलणारा एकही देश आसपास नाही. जमाखर्च मांडणारा कोणताही अर्थतज्ज्ञ या निर्णयाला खुळेपणा म्हणेल.

तरीही त्यामागे एक तर्क होता. पोर्तुगीज वगळली तर पूर्व तिमोर आणि इंडोनेशियाच्या ताब्यातील पश्चिम तिमोर यांच्यात फरक तो काय उरला? सीमारेषा पोर्तुगीजांनी आखली, म्हणून पोर्तुगीजांची खूण जपणे हा स्वतंत्र अस्तित्वाचा पुरावा ठरला. शिवाय लढ्याच्या काळात जगात ज्यांनी साथ दिली ते बहुतेक त्याच भाषेच्या घरातले होते. हद्दपार नेत्यांना मोझांबिकने आसरा दिला. खुद्द पोर्तुगालने १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात तिमोरची बाजू नेली. राज्यघटनेच्या आठव्या कलमात पोर्तुगीजभाषक देशांशी विशेष नाते ठेवण्याचे तत्त्व नमूद आहे, आणि स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांत पूर्व तिमोर त्या देशांच्या संघटनेत दाखल झाला. लहान देशाला दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या पलीकडे एक तिसरे दार उघडे हवे असते. भाषेने ते दार उघडले.

पण दाराची किंमत कोणी भरली? जी पिढी इंडोनेशियन राजवटीत शिकली आणि जिने रस्त्यावर उतरून गोळ्या झेलल्या, तिलाच स्वतंत्र देशातील न्यायालय, कायदा आणि वरिष्ठ नोकऱ्या यांची भाषा परकी झाली. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी डिलीतील सांताक्रूझ दफनभूमीत सैनिकांनी ज्यांच्यावर गोळीबार केला, त्या मिरवणुकीत बहुसंख्य याच पिढीचे तरुण होते. परदेशांशी नाते जोडणारी भाषा घरात मात्र भिंत झाली. एखादा धोरणविषयक निर्णय राष्ट्राच्या अस्मितेतून निघाला असे आपण म्हणतो, तेव्हा ती अस्मिता राष्ट्रातील कोणाची, हा प्रश्न विचारावाच लागतो.

शत्रूशी समेट

इंडोनेशियाविषयीच्या धोरणात तर ही गोष्ट अधिकच प्रकर्षाने दिसते. १९९९ च्या कौलानंतर इंडोनेशियाच्या सैन्याने आणि त्याने पोसलेल्या टोळ्यांनी सुमारे चौदाशे माणसे मारली, अडीच लाखांच्या घरात लोकांना पश्चिम तिमोरात नेले आणि देशातील सत्तर टक्के इमारती व सोयी उद्ध्वस्त केल्या. असे असता २००२ च्या स्वातंत्र्यसमारंभाला इंडोनेशियाच्या अध्यक्षा मेगावती यांना सन्मानाने बोलावण्यात आले. २००३ मध्ये डिलीतील अभियोक्त्यांनी जनरल विरान्तो यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आरोप ठेवला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शनाना गुश्माव यांनी त्यापासून आपले अंग काढून घेतले. पुढच्याच वर्षी ते विरान्तोंना बालीमध्ये जाऊन भेटले. खटल्यांऐवजी उभय देशांनी २००५ मध्ये ‘सत्य आणि मैत्री आयोग’ स्थापला. १९९९ च्या अत्याचारांची जबाबदारी इंडोनेशियाच्या लष्कराची, पोलिसांची आणि मुलकी प्रशासनाची होती, असा निष्कर्ष या आयोगाने २००८ मध्ये काढला. इंडोनेशियाचे अध्यक्ष युधोयोनो यांनी खेद व्यक्त केला. या आयोगातून शिक्षा मात्र कोणालाही झाली नाही.

हे वागणे केवळ भित्रेपणाचे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गुश्माव स्वतः डोंगरांत लढलेले आणि १९९२ पासून इंडोनेशियाच्या कैदेत सहा वर्षांहून अधिक काळ काढलेले गृहस्थ. आपला लढा सुहार्तोंच्या लष्करी राजवटीशी होता, इंडोनेशियन जनतेशी नव्हता, अशी त्यांची मांडणी. तिच्यात तथ्य होते. १९९८ मध्ये सुहार्तोंना इंडोनेशियन विद्यार्थ्यांनीच खाली खेचले, आणि त्यातूनच तिमोरच्या कौलाची वाट मोकळी झाली. जमिनीची सीमा इंडोनेशियाशी, आयातीतला सर्वांत मोठा वाटा इंडोनेशियाचा, आणि हजारो तिमोरी विद्यार्थी इंडोनेशियाच्या विद्यापीठांत. अशा शेजाऱ्याशी कायमचे वैर धरून संसार चालत नाही, हे व्यवहारज्ञानही त्यात होते. पण ज्यांची माणसे गेली त्यांना हा हिशेब विचारून झाला नव्हता. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा असतो. राष्ट्राच्या नावाने कोणी ती परस्पर देऊन टाकली, तर राष्ट्राचे काम सुकर होते. विधवेचे होत नाही. तिमोरमधील मानवाधिकार संघटना आणि बळींचे कुटुंबीय आजवर हेच सांगत आले आहेत.

समुद्राची रेषा

मग हाच क्षमाशील देश ऑस्ट्रेलियाशी इतका कडक का वागला? याचे उत्तर समुद्रात आहे. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांनी समुद्रतळाची सीमा ठरवली. ती ऑस्ट्रेलियाला फार सोयीची होती. पोर्तुगाल या बोलण्यात सामील झाला नाही, म्हणून तिमोरपुढील भाग मोकळा राहिला. त्याला ‘तिमोर गॅप’ असे नाव पडले. तेथे तेल व वायू असल्याचे दिसत होतेच. ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये तिमोरवरील इंडोनेशियाच्या सत्तेला कायदेशीर मान्यता दिली आणि डिसेंबर १९८९ मध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बसून तेलवाटपाच्या करारावर सह्या केल्या. खाली बेटावर काय चालले होते, हे सांताक्रूझने दोनच वर्षांत जगाला दाखवले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना तिमोरी लोकांनी साथ दिली होती आणि त्या युद्धकाळात चाळीस ते सत्तर हजार तिमोरी मरण पावल्याचे अंदाज आहेत. त्यामुळे हा करार तिमोरी मनाला विश्वासघातासारखा लागला.

पुढचा इतिहासही त्याच वळणावर गेला. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, मार्च २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियाने सागरी सीमांच्या वादापुरते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र आपण मानत नाही असे जाहीर केले. २००६ च्या करारात ‘ग्रेटर सनराइज’ या मोठ्या वायुक्षेत्राचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून घेण्याचे ठरले. पण त्या बदल्यात सीमेचा प्रश्न पन्नास वर्षे काढावयाचा नाही, अशी अट होती. या वाटाघाटी चालू असताना २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचरांनी डिलीतील मंत्रिमंडळाच्या कचेरीत चोरून ऐकण्याची यंत्रे बसवली होती, असा आरोप पुढे तिमोरने केला आणि २०१३ मध्ये लवादाकडे धाव घेतली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तिमोरच्या वकिलाच्या कचेरीवर छापा घालून कागदपत्रे नेली; मार्च २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती मोहोरबंद ठेवण्याचा आदेश दिला. अखेर २०१६ मध्ये तिमोरने सागरी कायद्याच्या करारातील सक्तीच्या समेटाचे कलम वापरले. जगात त्या कलमाचा तो पहिलाच प्रयोग. ६ मार्च २०१८ रोजी तहावर सह्या झाल्या. समुद्रतळाची सीमा बव्हंशी दोन किनाऱ्यांच्या मध्यावर आली आणि तो तह ३० ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे जनमत कौलाला वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अंमलात आला.

आता कोडे उलगडते. इंडोनेशियाने तिमोरचे अस्तित्व नाकारले होते. १९९९ नंतर ते त्याने मान्य केले आणि तो प्रश्न मिटला. ऑस्ट्रेलियाने अस्तित्व मान्य केले, पण ते कोठे संपते ती रेषा मान्य केली नाही. जमिनीवरचे स्वातंत्र्य अपुरे आहे, समुद्राची सीमा ठरेल तेव्हा ते पूर्ण होईल, असे गुश्माव व त्यांचे सहकारी मांडत राहिले. म्हणून सीमेचा वाद त्यांच्या दृष्टीने तेलाच्या वाटणीचा नव्हताच. तो स्वातंत्र्यलढ्याचा शेवटचा अध्याय होता.

सत्तर की ऐंशी

२०१८ च्या तहातील एक तरतूद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून द्यावी अशी आहे. ‘ग्रेटर सनराइज’चा वायू नळाने ऑस्ट्रेलियात नेला, तर तिमोरला सरकारी उत्पन्नाचा ८० टक्के वाटा मिळेल, तो तिमोरच्या किनाऱ्यावर आणला तर ७० टक्के मिळेल. हे क्षेत्र तिमोरपासून सुमारे १५० आणि डार्विनपासून सुमारे ४५० किलोमीटरवर आहे; परंतु तिमोरकडे येताना मध्ये जवळजवळ तीन किलोमीटर खोल समुद्री खंदक आडवा येतो, आणि किनाऱ्यावर बंदर, कारखाना, कुशल कामगार असे काहीच तयार नाही. तरीही तिमोरची सरकारे सातत्याने सत्तर टक्क्यांचा पर्याय धरून बसली आहेत. २०१९ मध्ये तर दोन परदेशी कंपन्यांचे हिस्से सुमारे ६५ कोटी डॉलरना विकत घेऊन या देशाने प्रकल्पात निम्म्याहून अधिक मालकी मिळवली.

हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे, अशी टीका यावर होते, आणि ती निराधार नाही. ज्या ‘बायू-उंदान’ क्षेत्रातून आजवर पैसा आला ते आता आटले आहे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम निधीत काही अब्ज नव्हे, १८ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम साठली ही मोठी शहाणपणाची गोष्ट. पण दरवर्षीचे अंदाजपत्रक बहुतांशी त्याच निधीवर चालते, आणि खर्चाचा वेग असाच राहिला तर २०३० च्या दशकात तो संपेल, असे इशारे दिले जात आहेत. २०१४ च्या पाहणीत सुमारे ४२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. पाच वर्षांखालील मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांची वाढ कुपोषणाने खुंटलेली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा नियम राष्ट्रांनाही लागू आहे.

परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. चंदन गेले, कॉफी गेली, वायूही कच्चाच गेला तर आपल्या भूमीवर उद्योग म्हणून काय उरणार, हा प्रश्न वसाहतीतून बाहेर पडलेल्या कोणत्याही देशाला रास्त वाटेल. आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात पोलादाच्या कारखान्यांविषयी हेच युक्तिवाद झाले होते. तेव्हा आक्षेप किनाऱ्यावर नळ आणण्याच्या इच्छेला नाही. त्या इच्छेचा हिशेब जनतेपुढे उघडपणे मांडला जात नाही आणि ‘नळ म्हणजे राष्ट्र’ असे समीकरण एकदा रूढ झाले की खर्चाविषयी शंका घेणारा माणूस राष्ट्रद्रोही ठरू लागतो, आक्षेप याला आहे. अस्मितेने उद्दिष्ट ठरवावे. बेरीज-वजाबाकीचे काम मात्र अंकगणितावरच सोडावे.

तत्त्व आणि भूगोल

पूर्व तिमोरच्या राज्यघटनेच्या दहाव्या कलमात राष्ट्रमुक्तीसाठी लढणाऱ्या जनतेशी ऐक्यभाव व्यक्त केला आहे. त्यानुसार मोरोक्कोच्या विरोधाची पर्वा न करता तो पश्चिम सहाराच्या प्रजासत्ताकाला मान्यता देतो. म्यानमारमधील लष्करशहांविरुद्धच्या ‘राष्ट्रीय ऐक्य सरकार’च्या प्रतिनिधीला त्याने २०२३ मध्ये गुश्माव यांच्या शपथविधीला बोलावले, संतापलेल्या लष्करी राजवटीने तिमोरच्या राजदूत-प्रतिनिधीला देशाबाहेर काढले. येथपर्यंत लढ्याची स्मृती आणि धोरण यांची सांगड नीट बसते. पण इंडोनेशियाच्याच ताब्यातील पश्चिम पापुआचा विषय निघाला की डिली गप्प बसते. सहारा दूर आहे, पापुआ जवळ आहे. अस्मिता धोरणाला दिशा देते हे खरे. परंतु कोठे थांबावयाचे ते पुष्कळदा भूगोल ठरवतो.

‘आसियान’मधील प्रवेशाने ही ओढाताण वाढणार आहे. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करावयाचा नाही, हे त्या संघटनेचे आद्य सूत्र. नेमक्या याच सूत्राचा आधार घेऊन तिमोरचा आक्रोश चोवीस वर्षे दुर्लक्षिला गेला होता. तोच देश आता त्या सूत्राखाली बसला आहे. सभ्य सदस्य म्हणून मिळवायचे ते व्यापाराचे, गुंतवणुकीचे, तरुणांच्या रोजगाराचे लाभ. आणि गमावण्याची शक्यता आहे ती त्याच्या शब्दाला असलेल्या नैतिक वजनाची. ज्या देशाजवळ सैन्य नाही म्हणावे इतके अल्प आहे, त्याच्या दृष्टीने हे वजन हीदेखील एक मिळकतच आहे. नोबेल पारितोषिक मिळालेले बिशप बेलो आणि रामोस-होर्ता यांच्या काळात याच मिळकतीवर तर त्याने स्वातंत्र्य कमावले.

आणि शेवटी घरातली गोष्ट. २००६ मध्ये सहाशेच्या आसपास सैनिकांना बडतर्फ करण्यावरून पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असा भेद उफाळला, राजधानीत घरे जळली आणि सुमारे दीड लाख लोक विस्थापित झाले. स्वातंत्र्याला चारच वर्षे झाली होती. परचक्रापुढे एक असलेले लोक परचक्र गेल्यावर एक राहतीलच असे नाही, हा अनुभव आपल्या उपखंडालाही नवा नाही. ‘आपण इंडोनेशियन नाही’ एवढ्यावर राष्ट्र उभे राहिले. ‘आपण कोण’ याचे उत्तर शाळा, दवाखाने आणि शेती यांतून द्यावयाचे होते, ते अजून पुरते दिलेले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू डिलीला गेल्या. भारताच्या राष्ट्रप्रमुखाची ती पहिलीच भेट. १९७५ मधील आपल्या मताचा तेथे कोणी उच्चार केला नसेल. राजशिष्टाचार तसाच असतो. पण त्या देशाशी मैत्री करताना आपण ते मत विसरू नये. मोठ्या राष्ट्रांना लहान शेजाऱ्यांची अस्मिता ही नेहमी अडगळ वाटते. तिचे काय करावयाचे याचा निकाल ती आपल्या सोयीने लावू पाहतात. पूर्व तिमोरने पंचवीस वर्षांत जे करून दाखवले त्यात चुका पुष्कळ आहेत, खर्च फार आहे आणि गरिबांच्या वाट्याला अद्याप थोडेच आले आहे. परंतु आपले हित कशात आहे हे ठरवण्याचा अधिकार आपला आपण वापरणे, हेच तर स्वातंत्र्य. तो वापरताना पुढच्या पिढीच्या ताटातले किती खर्च होते, एवढे मात्र प्रत्येक नवस्वतंत्र राष्ट्राच्या कारभाऱ्यांनी मोजत राहिले पाहिजे.